मावशींच्या कमरेचा टॉवेल

बालवर्गातल्या मावशींना अक्षर वाचता येत नव्हते. परंतु बावीस मुलांपैकी कोणाच्या नखांत माती आहे, हे त्या दारातूनच वाचत असत. मूल पायऱ्या चढून वर येईपर्यंत निकाल लागलेला असे. "उजवा पास, डावा नापास," असे म्हणून त्या मुलाला आधी नळाकडे वळवीत आणि मगच त्याला वर्गात सोडीत.

वर्ग म्हणजे दोन खोल्या. खाली छापखाना होता. त्याचे यंत्र सुरू झाले की वरची फरशी थरथरत असे आणि भिंतीवरची चित्रे दुपारपर्यंत एका बाजूला कलत. मागच्या खोलीत मुलांच्या उंचीचे सिमेंटचे कुंड होते व त्याला एकच नळ होता. गाणी, रंग आणि आकडे शिकविणे हे बाईंचे काम. हात, नाक, ओल्या चड्ड्या आणि रडणे हा सगळा प्रांत मावशींचा.

त्यातही हात धुणे हा त्यांचा खास विषय होता. रांगेतल्या प्रत्येक मुलाच्या तळहातावर त्या पेनाने एक मुंगी काढीत. तीन ठिपके आणि सहा पाय, एवढेच मावशींचे लेखन. मुंगी पूर्ण जाईपर्यंत साबण चोळायचा, असा नियम होता. अंगठा म्हणजे आजोबा. आजोबांनी प्रत्येक बोटाच्या घरी जाऊन यायचे. "उंबऱ्यावरून परत फिरायचं नाही, आत जायचं," मावशी बजावीत. "आणि करंगळी रुसून कोपऱ्यात बसलीय. तिची समजूत कोण काढणार?" मग मुले करंगळीची समजूत काढता काढता कोपरापर्यंत भिजत.

शेवटी मूल दोन्ही हात पुढे करून उभे राही आणि मावशी कमरेला खोचलेला जाड पांढरा टॉवेल काढून त्याचे एकेक बोट टिपून कोरडे करीत. हा त्यांच्या दिवसातला सर्वांत आवडता क्षण होता. तो टॉवेल त्या रोज संध्याकाळी घरी नेऊन साबणाच्या पाण्यात उकळीत असत. पंधरा वर्षांत त्या टॉवेलावर कोणी डाग पाहिला नव्हता.

त्या वर्षी वर्गात जुलाबाची साथ शिरली. सर्वांत आधी आजारी पडली ती वकीलबाई. वकीलबाईचे वय चार वर्षे. कोणतीही गोष्ट वाद घातल्याशिवाय मान्य करायची नाही, या गुणावरून तिला हे नाव पडले होते.

"मावशी, मुंगीला साबण झोंबत नाही का?"

"ती चित्रातली मुंगी आहे, बाळा."

"मग ती मेली कशी?"

यावर मावशी रांगेतल्या पुढच्या मुलाचा तळहात हाती घेत.

वकीलबाईची आई इमारतीच्या बांधकामावर विटा वाहत असे आणि मायलेकी तिथेच पत्र्याच्या खोलीत राहत. मुलगी तीन दिवस घरी राहून परत आली. पुढच्या आठवड्यात आणखी पाच मुले पडली. त्यांपैकी शिंप्याच्या मुलाला, ज्याला सगळे ढोल्या म्हणत, दवाखान्यात ठेवून सलाइन लावावे लागले.

मग जिन्यावर बोलणी सुरू झाली.

"आधी कोण पडलं ते बघा," शिंपी म्हणाला. "एक नासका आंबा सगळी आढी नासवतो."

"पत्र्याच्या खोलीत कसला आलाय साबण," मागून एका आईने री ओढली.

वकीलबाईची आई त्याच जिन्यावर भिंतीला चिकटून उभी होती. सगळे उतरून जाईपर्यंत ती थांबली आणि मग मावशींजवळ आली.

"मावशी, तुम्ही रोज हिचे हात बघता. तुम्हीच सांगा ना त्यांना. हिचं नाव काढलं तर मी हिला कुठे ठेवू? कामावर वरून काहीही पडतं. मागे दोन महिने खांबाला दोरीने बांधून ठेवली होती मी हिला."

"शनिवारी पालकांची सभा आहे," मावशी म्हणाल्या. "मी आहे ना. मी बोलेन."

शब्द देताना तो आपल्याला कुठवर ओढून नेणार आहे, हे मावशींना ठाऊक नव्हते.

आरोग्यकेंद्रातली नर्स गुरुवारी येऊन गेली. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून मुलांना ते खरे वाटत नाहीत, तर त्यांना रंग द्या, असे तिने बाईंना सुचविले. त्याप्रमाणे शुक्रवारी बाईंनी निळा खडू कुटून त्याची पूड चमचाभर तेलात कालवली आणि ती वर्गातल्या दोघी जुळ्या बहिणींच्या तळव्यांना फासली. बाकी कोणाला रंग लावला नाही. मग मुलांना अर्धा तास नेहमीसारखे खेळू दिले.

अर्ध्या तासाने शोध सुरू झाला. दाराच्या कडीवर निळे, चेंडूवर निळे, बाईंच्या खुर्चीच्या पाठीवर चार निळी बोटे. मुले प्रत्येक खूण सापडली की टाळ्या पिटत होती. "जंतू बाईंच्या खुर्चीवर बसला," असे कोणीतरी म्हणाले आणि हसता हसता दोघे जमिनीवर लोळले. आठवडाभरात वर्ग पहिल्यांदाच असा हसत होता. मावशींनाही बरे वाटले. आता नळाचे काम, म्हणजे आपले काम, असे म्हणून त्यांनी सर्वांची रांग लावली.

जुळ्या पहिल्या. त्यांनी घाईने साबण चोळला, हात पुढे केले, मावशींनी पुसले. त्यांच्यामागून एकेक जण येत गेला. सातवी वकीलबाई. तिने हात धुतले, उलटसुलट करून स्वतः तपासले आणि मगच मावशींपुढे धरले. मावशींनी नेहमीप्रमाणे बोट न् बोट टिपले. वकीलबाई दोन पावले गेली आणि परत आली.

"मावशी, हे काय?"

तिच्या तळव्यावर निळा पट्टा उमटला होता.

"आजोबा नीट फिरले नसतील."

"फिरले होते. हात पांढरे होते. मी बघितले. तू पुसलेस तेव्हा निळे झाले."

"असं कसं होईल?"

"तुझ्या टॉवेलला विचार."

मावशींनी टॉवेल उलगडला. आतल्या घडीवर लहान लहान बोटांचे निळे ठसे एकावर एक पडले होते. इतक्या वर्षांत त्यांनी हा टॉवेल हजार वेळा उलगडला असेल. दिसण्यासारखे काही नव्हते म्हणून काही दिसले नव्हते. आधी पुसून झालेली मुले आपापले हात उघडून पाहू लागली. "माझ्यावर पण आहे," एक जण आनंदाने म्हणाला. "माझ्यावर पण," दुसऱ्याने सांगितले. मावशींच्या पायाखालची फरशी थरथरत होती, आणि ते केवळ खालच्या यंत्रामुळे आहे असे त्यांना वाटेना.

बाई पुढच्या खोलीतून आल्या. त्यांनी टॉवेल पाहिला, मग मावशींकडे पाहिले.

"रंग हट्टी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "सगळ्यांनी परत धुवा. आणि मावशी, तो टॉवेल पिशवीत ठेवा."

 बाई वयाने लहान होत्या आणि मनाने चांगल्या होत्या. झाकता येईल तेवढे त्यांनी झाकले.

संध्याकाळी मावशींनी टॉवेल उकळत ठेवला आणि भांड्यासमोर बसून राहिल्या. त्यांना ढोल्याचा एक दिवस आठवत होता. वकीलबाई संडासातून आली होती, तिचे हात धुऊन पुसले होते. लगेच ढोल्या आला. त्याचे हात पुसले आणि ओठांना बिस्किटाचा चुरा लागला होता म्हणून तोंडही पुसले. त्यासाठी टॉवेलाचे दुसरे टोक घेतले होते. दुसरे टोक घेतले, म्हणजे आपण फार काळजी घेतली, असे त्या वेळी वाटले होते.

सुनेने भांड्यात डोकावून विचारले, "आई, हे निळं कशाने झालं?"

मावशींनी सगळे सांगितले आणि उद्या सभेत बोलणार आहे, हेही सांगितले.

सून तिथेच खाली बसली. "कोणी टॉवेल तपासला का? नाही. कोणी तुमच्याकडे बोट दाखवलं का? नाही. मग हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"त्या मुलीचं नाव काढतील."

"काढू देत की. जगाची उसाभर करायचा मक्ता घेतलाय का तुम्ही?" मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "पंधरा वर्षांचं नाव एका दिवसात जाईल, आई. मला तेवढंच वाईट वाटतं."

मावशींनी काठीने टॉवेल वर उचलला. निळे निम्मे गेले होते, निम्मे राहिले होते.

शनिवारी पालक मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर बसले. सर्वांचे गुडघे हनुवटीला लागत होते, त्यामुळे रागावलेली माणसेही अवघडलेली दिसत होती. नर्स खिडकीपाशी होती. वकीलबाईची आई कामावरून तशीच आली होती. पायांवर सिमेंट होते म्हणून ती दारातच उभी राहिली.

शिंपी उठला. "माझा मुलगा काल घरी आलाय. उभा राहिला की डोलतो. मला कोणाशी भांडायचं नाही. पण ती मुलगी इथे राहणार असेल, तर माझा इथे येणार नाही. इतरांनी आपलं आपलं बघावं."

इतरांनी माना हलविल्या. बाईंनी हजेरीचे पुस्तक उघडले आणि पुन्हा मिटले.

मावशी पुढे आल्या. "मला आधी हात धुवायला शिकवायचंय."

"आम्हाला?" कोणीतरी म्हणाले, आणि दोघेतिघे हसले.

मावशींनी निळे तेल स्वतःच्या तळव्यांना फासले. मूल धुते तसे घाईने धुतले आणि कमरेचा टॉवेल काढून त्याला पुसले. मग म्हणाल्या, "भाऊ, आता तुम्ही या."

शिंपी कुरकुरत उठला; परंतु त्याने हात मात्र व्यवस्थित धुतले, कारण पांढऱ्या कापडाशी रोजची गाठ असणाऱ्याला ती सवयच असते. मावशींनी टॉवेल पुढे धरला. त्याने हात पुसले आणि तळवे पाहिले. तो जन्मभर खडूने कापड आखणारा माणूस. कापडावरचा खडू कुठून निघून कुठे गेला, हे त्याला समजावून सांगावे लागले नाही.

"तुमच्या मुलाचे हात मी रोज असेच पुसले," मावशी म्हणाल्या. "ह्या मुलीचे पुसून झाल्यावर, जुळ्यांचे झाल्यावर, सगळ्यांचे झाल्यावर. संडासातून आलेल्यांचेसुद्धा. मी मुलांना हात धुवायला शिकवलं आणि धुतलेले हात मीच खराब केले. ह्या पोरीच्या घरी साबण आहे का, हे आधी विचारू नका. आधी मला विचारा."

सगळे नर्सकडे पाहू लागले. "टॉवेलमुळेच झालं, असं मी लिहून देणार नाही," ती म्हणाली. "पण टॉवेलमुळे नाही झालं, असंही लिहून देणार नाही. आणि मुलीमुळे झालं, असं तर मुळीच नाही."

"पंधरा वर्षं?" शिंप्याने मावशींना विचारले.

"पंधरा वर्षं."

"माझी मोठी मुलगी तुमच्याच हाताखाली होती."

"होती."

शिंप्याने पुन्हा नळाखाली हात धरले. धुऊन झाल्यावर ते कशाला पुसावे हे त्याला सुचले नाही. तसेच ओले हात लोंबते ठेवून तो जिना उतरून गेला.

वकीलबाईचे नाव हजेरीत राहिले. सोमवारी वर्गाच्या चालकांनी मावशींना बोलावून सांगितले की त्यांना काढून टाकण्यात येत नाही. मात्र यापुढे त्यांनी फरशी, जिना आणि पाणी एवढेच पाहावे, मुलांच्या हातांना हात लावू नये. मावशींनी मान डोलावली. बाईंनी भिंतीवर बावीस खिळे ठोकून घेतले आणि प्रत्येक खिळ्यावर एक लहान फडके टांगले. मुलांना अक्षरे येत नव्हती, म्हणून फडक्यांवर चित्रे काढली. कोणाला बदक, कोणाला छत्री. वकीलबाईने वाद घालून मुंगी मिळविली.

दहा दिवसांनी ढोल्या परत आला. त्याचे वडील त्याला पायरीशी सोडून जातात, मावशींकडे बघत नाहीत. वकीलबाईची आईही आता जिन्यावर थांबत नाही. आपली मुलगी तरी कशाने आजारी पडली असेल, हा विचार तिनेही केलाच असणार. तिने आभार मानले नाहीत आणि बोलही लावला नाही. मावशी समोर आल्या की मुलीला मात्र ती आपल्या पलीकडच्या हाताला घेते.

एके दिवशी मावशी मागच्या खोलीची फरशी पुसत होत्या. वकीलबाई नळावरून वळली आणि जुन्या सवयीने दोन्ही हात पुढे करून त्यांच्यासमोर उभी राहिली. पाणी फरशीवर ठिबकत होते.

"तू का नाही पुसत आता?"

"आता ज्याचं त्यानं पुसायचं."

"का?"

"तूच तर सांगितलंस."

"मी टॉवेलला विचार म्हटलं होतं," वकीलबाई म्हणाली. "तुला जा नव्हतं म्हटलं."

मावशींचा हात आपसूक कमरेकडे गेला. तिथे काही नव्हते. तो हात त्यांनी फरशीच्या फडक्यावर परत ठेवला.

"खिळ्यावर बघ," त्या म्हणाल्या. "तुझी मुंगी तिथे आहे."

वकीलबाई थोडा वेळ हात तसेच धरून उभी राहिली. मग ती भिंतीकडे गेली, आणि मावशींनी तिच्या हातांतून पडलेले थेंब पुसून घेतले.