कुलूपकाकांची मूळ प्रत

कुलूपकाकांनी घराला कधी कुलूप लावल्याचं मला आठवत नाही. घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या त्यांच्या घराचं दार दिवसभर सताड उघडं. कोणीही यावं, चहा पिऊन जावं. कुलपं होती ती सगळी त्यांच्या सॉफ्टवेअरला. पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट काढणारा प्रोग्राम त्यांनी एकट्याने लिहिला होता. मी त्यांच्याकडे आठ वर्षं नोकरी केली.

त्यांचा पहिला प्रोग्राम कोणीतरी उलगडून, नाव बदलून विकला होता. काकांनी तो एका लॅबमध्ये पाहिला, तर प्रोग्राम तपासायला त्यांनीच भरलेली पहिली पेशंट त्यात तशीच: आमच्या काकू, हिमोग्लोबिन चौदा. खऱ्या आयुष्यात काकूंना ते कधी लाभलं नाही. "प्रोग्राम नेला तो नेला, माझ्या बायकोलाही घेऊन गेला!" असं काका हसून सांगत. काकू मात्र सांगायच्या, त्या दिवशी ते जेवले नव्हते.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला प्रत देण्याआधी ते कोड पार विस्कटून टाकत. नावांच्या जागी निरर्थक अक्षरं, मध्येच कुठेही न पोचणाऱ्या वाटा. मी एकदा म्हटलं, "काका, जिद्दी माणूस तरी उघडणारच."

"उघडू दे ने! पण थकून थकून उघडू दे. चोर पण माणूसच ना, कंटाळतो."

वाचता येईल अशी मूळ प्रत एकाच डिस्कवर, देव्हाऱ्यात, बाळकृष्णामागे. दुसरी करू म्हटलं की उत्तर ठरलेलं: "दोन प्रती म्हणजे दोन दारं." इथे काका चुकले. मीही हट्ट धरला नाही, याची अजून लाज वाटते.

काका गेले. पुढे रिपोर्टचा नमुना बदलायची वेळ आली, तेव्हा काकूंनी डिस्क काढून दिली. ती चालेना. देवाच्या रोजच्या आंघोळीचं पाणी तिच्यात कधीच शिरलं होतं. लॅबवाले दुसरं सॉफ्टवेअर बघू लागले. काकू एवढंच म्हणाल्या, "ह्यांचं काम बंद नको पडू देऊस."

मग लॅबकडच्या विस्कटलेल्या प्रतीवर काकांच्या शेजारी बसून घातलेली कुलपं मीच एकेक करून फोडू लागलो. तीन आठवडे लागले. काकांवर इतका मी कधीच चिडलो नव्हतो. शेवटच्या कुलपाआड मराठीत एक ओळ सापडली: "इथवर आलात म्हणजे दमला असाल. घडियाळी पोळमध्ये या, दार उघडंच आहे. चहा घेऊ."

प्रोग्राम वाचला. ती ओळ मी काकूंना वाचून दाखवली.

"बघ, चोरालाही बोलावून ठेवलं होतं!" म्हणाल्या, आणि डोळे पुसत चहाचं आधण ठेवायला उठल्या.