जनूनं सोडली होती

जनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्रांती चौकातल्या टपरीवर उभा होतो, हातात पेटलेली सिगारेट. ती तशीच विझून गेली… कॉलेजपासून आम्ही दोघं एकाच काडीवर दोन सिगारेटी पेटवायचो. सकाळी छातीत कळ आली, जनू खाली बसला आणि उठलाच नाही.

दोनेक वर्षांपूर्वी त्यानं सिगारेट सोडली. गोळ्याबिळ्या काही नाही. गुलमंडीजवळ एक समुपदेशक बाई दर आठवड्याला सोडणाऱ्यांचा गट घेतात, तिथं जायचा. "अरे, गप्पा मारून कुठं व्यसन सुटतं व्हय?" मी म्हणायचो. तो चिडायचा नाही. "बाई म्हणतात, तलफेशी भांडायचं नाही, नुसतं बघत बसायचं. पाहुणीला चहा विचारला नाही की कंटाळून जाते आपली आपण." घरात वाद झाला की आपला हात खिशाकडं जातो, हे त्याला तिथंच उमगलं. मग वाद झाला की तो गुपचूप कांदे चिरायला बसायचा. डोळ्यांतलं पाणीही खपून जायचं! आणि मला भेटला की एकच, "एकदा चल ना, लेका…"

दहाव्याला पैठणच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. पोरीच्या शिक्षणाचं वचन दिलं, आईला सांभाळायचं दिलं, तरी नाही. तेव्हा त्याच्या चुलतभावानं सिगारेटचं पाकीट पिंडाशेजारी ठेवलं. "लई जीव होता त्याचा." वहिनी तरातरा पुढं आल्या, पाकीट उचललं. "त्यांनी सोडली होती, भाऊजी. लई हालानं सोडली होती. आता पुन्हा हातात देऊ नका." बोलता बोलता त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हात जोडले, "जनू, मी जातो बाईंकडं." कावळा काही आला नाही. शेवटी दर्भाचाच शिववला. तुझ्या शब्दावर कावळ्याचाही भरवसा नाही, म्हणाला असता जनू. परतताना गाडीत मला रडू आवरेना.

पुढच्याच आठवड्यात गेलो. लहानशी खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, बसलेली आठ-दहा माणसं. रिकाम्या खुर्चीवर टेकणार तोच शेजारचे रफीकभाई म्हणाले, "वो जनार्दनभाऊ की जगह है. दोन आठवडे दिसले नाहीत, आज येतीलच." मला वाटलेलं, यांना कळलं असेल. मी नाव सांगितलं तशा बाई हसून म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे मित्र ना? किती दिवस म्हणत होते, त्याला आणतोच म्हणून. आणि स्वतः कुठं राहिले?"

सगळे दाराकडं बघायला लागले… सांगणारा मी एकटाच होतो.