दादाची शिकार

मी सिलतऱ्याच्या कारखान्यात कामावर होते तेव्हा मधुभाऊंचा फोन आला. "पोरी, वसंता गेला," एवढंच बोलले... वसंतकाका माझे सख्खे काका. मी अगदी लहान असताना बाबा काविळीनं गेले. मला वाढवलं ते काकांनी, ब्राह्मणपाऱ्यातल्या घरात.

त्या घराच्या बैठकीत भिंतीवर चितळाचं मुंडकं होतं, शिकारीवर बंदी यायच्या आधीचं, वनखात्यात रीतसर नोंदवलेलं. मधुभाऊ हे काकांचे मित्र, तरुणपणी बाबा, काका आणि ते असे तिघंही सोबत शिकारीला जात. मधुभाऊ घरी आले की आधी त्या मुंडक्याखाली उभे राहत. "अशी शिंगं मले जन्मात मिळाली नाहीत," असं पाहुण्यांना ऐकवत. त्यांच्या लेखी शिकार म्हणजे शिंगांची लांबी. काका माझ्या बाबांना दादा म्हणत. ते नुसते म्हणत, "दादाची शिकार आहे," आणि विषय बदलत.

लहानपणी मला त्या काचेच्या डोळ्यांची भीती वाटे. एकदा हट्ट धरला, काढून टाका म्हणून. काकांनी कधी नव्हे तो आवाज चढवला, मग लगेच जवळ घेतलं. "मधुले त्यात शिंगं दिसतात, बाई. मले तुझा बाप दिसते." तेव्हापासून माझे बाबा केवढे नेमबाज होते, हे मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले.

तेरवीनंतर मधुभाऊ शंकर नगरहून आले. आता त्यांना नीट दिसत नाही. त्या मुंडक्याच्या भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "वसंतानं शपथ घातली होती, म्हणून बोललो नाही. गोळी त्याची होती, पोरी. चितळ जखमी होऊन पळालं अन् हा तिथंच बसून रडून राहिला होता. तुझ्या बापाच्या अंगात ताप. तरी म्हणाला, जनावर तडफडत सोडून घरी नाही जायचं. दिवसभर रक्ताच्या मागावर हिंडला, तेव्हा कुठं दुसरी गोळी घालून त्याले सोडवलं."

"मग काका जन्मभर बाबांचं नाव काहून घेत होते?"

"हव, घेतच होता. अन् तुझ्या बापानं घरी आल्यावर काय केलं, सांगू? तुझ्या आजीले म्हणाला, आई, वसंताची पहिली शिकार आहे, ओवाळ त्याले."

मधुभाऊंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"आजी वसंताचं तोंड पाहूनच समजली असेल. तिनं दोघांलेही ओवाळलं... मी दारातच उभा होतो, पोरी. शिंगं पाहत."