प्रस्थानातले बूट

ग्वाल्हेर हे हॉकीचं गाव. गल्लीतली पोरं वाकडी फांदी सापडली की चेंडू हाणायला लागायची, आणि हॉकीत जिंकून आलेल्याला हलवाई हाक मारून जिलबी खिलवायचे. अशा गावात मी फुटबॉलच्या नादी लागलो, आणि तेही खेळणारा म्हणून नव्हे. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी संघात शिरायला गेलो होतो. कप्तानाने थोडा वेळ माझा खेळ पाहिला, मग बाजूला घेऊन सांगितलं की तू पळतोस फार चांगला, पण चेंडू काही तुझ्याबरोबर येत नाही. मला राग आला, कारण ते खरं होतं. तरी मैदान सोडलं नाही. खेळू देत नाहीत तर बघणार, आणि असा बघणार की यांना माझ्याशिवाय सामना सुरू करावासा वाटू नये, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पळणं माझं होतंच. मग मी दोन्ही एकत्र बांधलं. कॉलेजचा सामना कुठेही असो, मी पळतच जायचो. आमचं घर नया बाजारच्या मागच्या गल्लीत. तिथून पडाव, मग रूळ ओलांडून थाटीपूर, आणि पुढे मुरारचं पलटणीचं मैदान. वाटेत छोट्या लाइनची गाडी कधीकधी शेजारून चालायची. ती इतकी सावकाश जायची की दारात लटकलेले लोक मला हात करून म्हणायचे, "भैया, ऊपर आ जाओ, थक जाओगे." मी मान हलवायचो आणि पुढच्या वळणापर्यंत गाडीला मागे टाकायचो. एकदाच पाय मुरगळला होता म्हणून टांग्याने सामन्याला गेलो, आणि त्या दिवशी आम्ही आग्र्याच्या संघाकडून वाईट हरलो. तेव्हापासून मी पळत आलो की नाही हे खेळाडूसुद्धा विचारायला लागले. याला कुणी वेड म्हणावं. मला त्याची आजही लाज वाटत नाही.

आमच्या लोकांना हे मुळीच पसंत नव्हतं. आमची सगळी गल्ली दख्खनेतून आलेल्यांची. कुणाचे पणजोबा दरबारात, कुणाचे देवघरात, कुणाचे फौजेत. दरबार गेला तरी चालीरीती जशाच्या तशा होत्या. दफ्तरात पगडी घालून गेलेल्या माणसाचा मुलगा अर्ध्या चड्डीत भर रस्त्यातून पळतो, याची चर्चा हळदीकुंकवापर्यंत पोचली होती. आईला कुणीतरी विचारलं होतं की तुमच्या मुलाच्या मागे कोण लागलंय. आईने शांतपणे सांगितलं की अजून तरी कुणी गाठू शकलेलं नाही.

वडील महसुलाच्या दफ्तरात होते. ते नोकरीला लागले तेव्हा राज्य महाराजांचं होतं. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं, मध्य भारत नावाचं नवं राज्य आलं. हिवाळ्यात राजधानी आमच्याकडे, उन्हाळ्यात इंदूरला. दर उन्हाळ्यात दफ्तराच्या पेट्यांबरोबर वडीलही इंदूरला जायचे आणि पावसाळ्यानंतर परत यायचे. त्याची आम्हाला सवय झाली होती. छप्पन साली तेही राज्य गेलं. नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली, आणि या वेळच्या पेट्या परत येणाऱ्यातल्या नव्हत्या. काही दफ्तरं ग्वाल्हेरला ठेवली म्हणून पुढारी आपली पाठ थोपटून घेत होते. वडिलांचं दफ्तर त्यांत नव्हतं.

नकाशे बदलतात ते कागदावर. मला ते मैदानावर दिसले. आमचा गोलरक्षक एका सोमवारी सरावाला आला नाही. त्याच्या वडिलांची बदली झाली होती आणि सगळं घर रविवारीच गेलं होतं. मग डावीकडचा बचावातला गेला, मग पासिंगमध्ये डोकं असलेला आमचा एकुलता एक खेळाडू. जो तो जाताना कप्तानाच्या गळ्यात पडायचा आणि भोपाळलाही फुटबॉल असेलच म्हणायचा. कप्तान हो हो करायचा. तो जातीचा हट्टी होता. थंडीच्या सुरुवातीला पलटणीच्या संघाशी वर्षातला मोठा सामना असायचा. या वर्षी नाव मागे घ्या, असं कॉलेजातल्या शहाण्या लोकांनी त्याला सुचवलं. त्याने एका हॉकी खेळणाऱ्याला गोलात उभं केलं, दोन नवशिके घेतले आणि मला म्हणाला, "अबे, हारेंगे तो मैदान पे हारेंगे. तू बस आ जाना." मी शब्द दिला.

त्याच आठवड्यात आमची तारीख ठरली. शनिवारच्या गाडीने भोपाळ. सामना शुक्रवारी होता, म्हणजे तो मला मिळत होता, पण प्रश्न एका सामन्याचा नव्हता. मला जायचंच नव्हतं. मी वडिलांना सांगितलं की मी इथेच राहून बी.ए. पुरं करतो. ते म्हणाले, कॉलेज तिथेही आहे. मी म्हणालो, असेल, पण माझं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सांगितलं की घर जातं तेव्हा घरातले सगळे जातात. मी आवाज चढवला. त्यांनी चढवला नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. ज्या सरकारने दोन ओळी लिहून अख्खं गाव रिकामं करायला घेतलं होतं, त्याच्यावर एक शब्द न बोलणारा माणूस मला शिस्त शिकवत होता.

आमच्याकडे प्रवासाला निघायचं तर मुहूर्त लागतो. शनिवार चांगला नव्हता, पण सरकारी हुकूम पंचांग बघून निघत नाहीत. यावर आमच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या एक तोड ठेवलेली आहे. चांगल्या वेळेवर प्रत्येकाची एकेक वस्तू, सुपारी आणि हळकुंडासकट गाठोड्यात बांधून, जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. वस्तू बाहेर पडली की माणूस निघाल्यासारखाच. मग तो प्रत्यक्षात दोन दिवसांनी गाडीत बसला तरी चालतं. फक्त ते गाठोडं घरी परत आणायचं नाही. आणलं तर प्रवास मोडला.

गुरुवारी सकाळी मी कॉलेजात असताना प्रस्थान ठेवलं गेलं. दक्षिणेला शास्त्रीबुवांचं घर होतं. ते एके काळी दरबारच्या देवघरात पूजेला असत, आणि आमच्या गल्लीतले सगळे मुहूर्त तेच काढून देत. वडिलांची उपरण्याची घडी, आईचा खण आणि माझी वस्तू, असं गाठोडं त्यांच्या माजघरातल्या फळीवर जाऊन बसलं.

शुक्रवारी दुपारी मी निघायची तयारी करायला लागलो, तर बूट सापडेनात. कॅनव्हासचे, तळव्याला दोनदा शिवून घेतलेले. सगळं घर पालथं घातलं. आई बांधाबांध करत होती. तिने वर न बघताच सांगितलं की ते प्रस्थानात आहेत. मला पहिल्यांदा खरंच वाटेना.

"माझे बूट का ठेवलेस? टोपी ठेवायची, काहीही ठेवायचं."

"तुझा जीव त्यात आहे म्हणून ठेवले," आई म्हणाली. "जीव पुढे गेला की माणूस मागून नीट पोचतो."

 मी तसाच अनवाणी शास्त्रीबुवांच्या दारात गेलो.

ते झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. मी बूट मागितले. त्यांनी आधी मला नियम सांगितला, जणू मी परगावाहून आलो होतो. मग समजूत काढली.

"अनवाणी जा की बेटा. नाही तर टांगा कर. एका दिवसाची तर बात आहे."

जाता आलं असतं. थाटीपूरपुढच्या गिट्टीवर तळवे फुटले असते, पण पोचलो असतो. मात्र तिथे उभ्या उभ्या मला दिसलं की प्रश्न बुटांचा राहिलेलाच नाही. माझ्या पाठीमागे, मला न विचारता, मी निघालो होतो. सरकारने वडिलांना गावातून काढलं होतं, वडिलांनी मला काढलं होतं, आणि माझा जीव सुपारी-हळकुंडाबरोबर फळीवर बसून भोपाळची वाट बघत होता.

"बूट द्या. प्रवास मोडतो ना? मोडू दे."

शास्त्रीबुवांनी अडकित्ता खाली ठेवला. "तुझा मोडेल. त्यांचा नाही. बूट नेलेस तर उद्या तुला त्या गाडीत बसता यायचं नाही."

"मला तेच पाहिजे."

"वडिलांना काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मी सांगतो."

त्यांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. मग उठून आत गेले, गाठोडं सोडलं, बूट आणून उंबऱ्यावर ठेवले. चामड्याचे असते तर त्यांनी ते घरातही घेतले नसते, पण कॅनव्हासला शास्त्रात हरकत नव्हती. तिथेच बसून मी ते घातले, नाड्या आवळल्या आणि आमच्याच दारावरून गेलो. वडील ट्रंकेला दोरी बांधत होते. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातली दोरी सैल पडली.

मी थांबून सांगितलं. प्रस्थान मोडलंय, माझं एकट्याचं. आता मी उद्या येऊ शकत नाही. ओरडायची गरजच नव्हती. वडिलांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली की प्रस्थान मोडलेल्याला गाडीत घालून मी नेणार नाही, दुसरा मुहूर्त निघेपर्यंत तो इथेच राहील. शास्त्रीबुवाही मागोमाग येऊन उभे राहिले होते. त्यांनी सांगितलं की माझ्या राशीला जवळपास काही मुहूर्त नाही, आणि तोवर मुलगा त्यांच्याकडे जेवेल. पंचांग त्यांच्या हातात नव्हतं. वडील सगळं आयुष्य रीत पाळत आलेले. त्याच रितीने त्यांना अडवलं होतं, आणि ती ओलांडून मला दंडाला धरून नेणं त्यांच्याने होणार नव्हतं. त्यांनी दोरी परत आवळायला घेतली. मी पळायला लागलो.

त्या दिवसासारखा मी नंतर कधी पळालो नाही. पडावावर टांगेवाले शिव्या देत बाजूला झाले. मी एकटाच हसत होतो. मैदानावर पोचलो तेव्हा आमची पोरं रांगेत उभी होती. कप्तानाने मला पाहून मान हलवली आणि नाणं उडवायला गेला. सामन्याचं काय सांगू. पलटणीच्या जवानांनी आमचा चुरा केला. हॉकीवाला गोलात इतक्यांदा पडला की शेवटी प्रेक्षकांतले जवानच त्याच्यासाठी टाळ्या वाजवू लागले. सहा गोल झाले. आमच्या बाजूने ओरडणारा मी जवळजवळ एकटाच होतो, आणि माझा घसा बसेपर्यंत मी एक क्षणही गप्प बसलो नाही. हरलेल्या संघासाठी कशाला ओरडायचं, असं शेजारच्या एका गृहस्थाने विचारलं. जिंकणाऱ्यांना माझी गरज काय, असं मी त्यांना विचारलं.

शनिवारी मी सामान पोचवायला स्टेशनवर गेलो. आईने डब्यात बसल्यावर माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि शास्त्रीबुवांकडे मुकाट्याने जेवत जा म्हणाली. वडील फलाटावरच उभे होते. आदल्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नव्हते. मी मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती, एकेक धार लावून. इंजिनात पाणी भरणं चाललं होतं. त्यांनी अचानक विचारलं, "काल काय झालं?"

त्यांनी फुटबॉलबद्दल मला आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, सहा गोलांनी हरलो.

"अगदीच," ते म्हणाले.

"पण उतरलो. नाव मागे नाही घेतलं."

ते रुळांकडे बघत होते. गार्डाने शिटी वाजवली तरी डब्याकडे वळले नाहीत.

"दोनदा राज्य बदललं," ते म्हणाले. "दोन्ही वेळा साहेबांनी कागद पुढे केला आणि मी सही केली. मला इथून जायचं नाही, हे मी घरातसुद्धा बोललो नाही. तुझ्या आईलाही नाही. तू बोललास."

 मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो, तर त्यांनी माझा दंड धरून मला उभं केलं.

"आता बोलला आहेस तर राहा. मुहूर्त निघाला म्हणून मागून येऊ नको."

ते डब्यात चढले आणि खिडकीपाशी न बसता आतल्या बाजूला बसले. गाडी हलली. डब्याडब्यातून आमच्याच गल्लीतली, आमच्याच कॉलेजातली माणसं दिसत होती, आणि एकाही खिडकीत जायची हौस असलेला चेहरा नव्हता. त्या गाडीत कुणालाच जायचं नव्हतं. फलाटावर राहिलो होतो तो मी एकटा.