पार्ट गावूक नाय

आख्ख्या बोरिवलीत टीव्हीवर इतका राग असलेला दुसरा माणूस सापडला नसता, आणि आमच्या या टीव्हीवाल्यांचं पोट मात्र टीव्ही दुरुस्त करण्यावरच चालायचं. स्टेशनच्या पूर्वेला त्यांचं एवढंसं दुकान. तिथले सगळे संच शिक्षा केल्यासारखे भिंतीकडे तोंड करून उभे असत. स्वतःच्या घरी त्यांनी टीव्ही घेतलाच नाही. "दिवसभर त्येंचीच तोंडा बघतंय, घराक जावन परत कित्याक?" म्हणायचे. गच्चीवर अँटेना फिरवताना मात्र "दिसता काय? दिसता काय?" असं ओरडायचे की आमची सोसायटी सोडा, शेजारच्या सोसायटीतलेही "दिसतं, दिसतं" म्हणून मोकळे व्हायचे.

दुरुस्तीला आले की आधी घरात कोण कोण आहे ते विचारायचे. किती दिवस लागणार ते बिघाडावर नाही, त्या उत्तरावर ठरायचं. अंथरुणाला खिळलेली आजी असेल तर तासाभरात चित्र हजर. दहावीचा मुलगा असेल तर परीक्षा संपेपर्यंत संच दुकानात. आणि घरात लहान मूल असेल तर मग विचारूच नका. खालच्या मजल्यावरच्या गुजराती भाभींचा नातू टीव्ही लावल्याशिवाय घास घेत नसे. टीव्हीवाल्यांनी त्याचं जेवण झाल्या झाल्या विचारलं, "काय जेवलंस रे?" त्याला सांगता येईना. तेवढ्यावरून भाभींचा संच पंधरा दिवस गेला. विचारायला जावं तर मालवणीत एकच उत्तर, "पार्ट गावूक नाय." पार्ट मिळाला नाही.

आम्ही हसायचो, आमच्यावर पाळी येईपर्यंत. आमची सोनल तेव्हा तीन वर्षांची होत आली होती आणि एक शब्द बोलत नव्हती. ऑफिसातून आले की मी तिला टीव्हीसमोर बसवून स्वयंपाकाला लागायचे. गुणी पोर, हूं की चूं नाही. शेतीच्या कार्यक्रमातली खतांची माहितीसुद्धा एकटक बघायची, व्यत्ययाची पाटी लागली तर ती बघायची. "हिचा बापही उशिराच बोलला," सासूबाई म्हणायच्या. मी मान डोलवायचे, पण आतून धसका घेतला होता.

आमच्या टीव्हीचं चित्र वरखाली पळायला लागलं म्हणून टीव्हीवाले आले. त्यांनी सोनलला तीनदा हाक मारली, ती वळूनही न बघता आत निघून गेली. जाहिरातीचं संगीत वाजलं तशी मात्र आतल्या खोलीतून धावत आली.

"वैनी, चेडवाचे कान बरे आसत," ते म्हणाले. "पण हिच्यावांगडा घरात बोलता कोण? ह्यो खोको?"

माझ्या पोरीशी घरात फक्त खोकंच बोलतं म्हणे! मला भयंकर राग आला. मी काही बोलायच्या आत ते खोकं उचलून चालते झाले.

पहिले चार दिवस सोनलने रडून घर डोक्यावर घेतलं. मग मी तिला ओट्याशी बसवून मटार सोलायला दिले, आणि हात रिकामे नसल्यामुळे तोंडाने बडबडत राहिले. मुळातच घुमे असलेले आमचे हे दर गुरुवारी टीव्हीची चौकशी करायला तिला खांद्यावर घेऊन जायचे आणि वाटेत रिक्षा दाखव, बकरी दाखव, असं करत बोलायला लागले. सहाव्या आठवड्यात मात्र माझा तोल गेला. दुकानात जाऊन मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "काम येत नसेल तर दुकान बंद करा ना! लोकांच्या वस्तू कशाला अडकवता?" त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं.

पुढच्या गुरुवारी त्याच दुकानात कंटाळलेल्या सोनलने ह्यांचं बोट ओढलं आणि म्हणाली, "बाबा, चल." हे चौकशी विसरून तिला घेऊन पळत घरी आले. महिनाभरात ती मला एकही वाक्य पुरं करू देईना. टीव्ही त्यानंतर आला, एकदम झकास चालणारा.

दोन वर्षांनी ते दुकान विकून गावी निघाले, तेव्हा आम्ही निरोपाला गेलो. तेव्हा सहज बोलून गेले, की आमचा संच त्यांनी नेला त्याच संध्याकाळी दुरुस्त झाला होता.

"अहो, मी एवढी बोलले तुम्हाला! तेव्हाच सांगायचं नाही का?"

"सांगला आसता तर तुमी तो दुसऱ्याकडे नेलो आसतो."

खरंच नेला असता. बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. टीव्हीवाले मात्र उकिडवे बसून, सोनल सांगत असलेली तिच्या शाळेतल्या मांजराची लांबलचक गोष्ट शेवटपर्यंत ऐकत होते.