चौकटीला आलेलं पोट

आर्णीतल्या आमच्या घराखाली काळी माती आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि वर भिंती-दारं हलतात. त्यामुळे इथं काही वाकडं दिसलं की माणूस आधी मातीला शिव्या घालतो. डोळ्यांवर कोणाचाच संशय जात नाही.

आईचाही गेला नाही. समोरच्या दाराची चौकट मधोमध फुगलीय, असं ती म्हणू लागली. सुतार आला, त्यानं ओळंबा सोडला. दोरी आणि लाकूड अगदी बरोबर.

"काकू, सरळ हाय चौकट."

"मले दिसून राह्यलं ना! पोट आलं तिले. मार रंधा."

आईपुढे कोणाचं चाललं असतं तर! त्यानं बिचाऱ्यानं रंधा मारला. चांगली सागवानी चौकट मधोमध खोलगट झाली. आईला मात्र ती तरीही फुगलेलीच दिसे. मग सुताराचा उद्धार सुरू झाला.

यवतमाळला डॉक्टरकडे गेलो तोवर उशीर झाला होता. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला होता. डॉक्टर म्हणाले, "वय आहेच, पण वजनही आहे. वजन जास्त असलं की हा आजार वाढायची भीती जास्त." मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, "तुम्हीही जपा." मला राग आला, आईला हसू. "डोळ्यात काय चरबी जाते काय?" म्हणाली, आणि बसस्टँडवर आम्ही दोघींनी आलूबोंडे खाल्ले. आमच्याकडे भरल्या अंगाची बाई म्हणजे खात्यापित्या घरची. वाळलेली दिसली की लोक विचारतात, काय झालं बाई.

पुढे आईला चेहऱ्यांच्या जागी काळपट डाग दिसू लागला. कडेचं दिसे, मधलं नाही. म्हणून माझ्याकडे पाहायचं तर ती माझ्या कानापलीकडे बघायची. माझ्यामागे कोणी उभं आहे असं वाटून मी वळून पाही. आई जाऊन काही वर्षं झाली, मी अजून वळते.

मी एकुलती, म्हणून नवऱ्यासह इथंच राहते. आईचे ब्लाउज मला जसेच्या तसे होतात. गल्लीतल्या बाया कौतुकानं म्हणतात, हुबेहूब आई. मला धडकी भरते. बाकी सगळं अंधुक झालं तरी चालेल, पण नवऱ्याचा चेहरा जायला नको.

रोज चहाआधी मी एकेक डोळा झाकून बघते. समोरची चौकट त्या कामाची नाही, ती आईनं खरोखरच वाकडी करून ठेवलीय. म्हणून स्वयंपाकघराची बघते. परवा उजवा डोळा झाकला आणि तिला पोट दिसलं. हात फिरवला. लाकूड सरळ होतं. तरी तोंडातून निघालंच, "सुताराले बोलवा. माती हलली वाटते."

नवरा उठला. सुतळीला अडकित्ता बांधून त्यानं तो चौकटीशी लोंबता धरला, नीट पाहिलं आणि माझ्याकडे वळला. माझा उजवा डोळा झाकलेलाच होता.

"सरळ हाय का?" मी विचारलं.

त्यानं अडकित्ता खाली ठेवला.

"तिकडं काहून पाहून राह्यली?" तो म्हणाला. "मी इकडं हाय."