घर फिरायलंय

बायको गेल्यापासून दुपारी जरा डोळा लागला की मला तो दांडा दिसतो. सावकाश फिरणारा. त्याच्यावर पांढरा उंदीर चालतोय आणि बाजूला ती पाय पसरून बसलीय. प्रयोगशाळेत ती कधी आलीच नव्हती. पण हे स्वप्नाला कोण सांगणार?

परभणीत एका प्रयोगशाळेत मी उंदरं सांभाळायचो. दाणापाणी, पिंजरे धुणं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण मोजणीच्या वेळी उंदीर धरायला मीच. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. तो बिघडलेले उंदीर आणि चांगले उंदीर, दोन्ही फिरत्या दांड्यावर ठेवायचे. कोण किती वेळ टिकतो ते मशीन मोजायचं. मग शेपटीला धरून उचलायचं. चांगला उंदीर जमिनीकडं पुढचे पाय ताणतो. बिघडलेला वर वळतो, स्वतःच्या पोटाशीच जमीन शोधतो. मला ते बघवायचं नाही.

अन् मग घरीच सुरू झालं. भांडी घासता घासता ती म्हणाली, "अवो, घर फिरायलंय."

"फिरू दे. बसल्या जागी पेडगाव दिसंल."

ती हसली आणि तिनं भिंत धरली. त्या दिवसापासून विहारात जाणं बंद. पौर्णिमेची वंदना तिनं कधी चुकवली नव्हती. आता म्हणायची, "झोकांड्या खात गेले तं लोक म्हणतील, म्हातारी पिऊन आली."

मोजणी करणाऱ्या मॅडमला मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, मी जनावरांची डॉक्टर. त्यांना कानाच्या डॉक्टरकडं न्या." नेलं. डॉक्टरनं तिचं डोकं इकडं तिकडं वळवून बघितलं. कानाचंच निघालं. म्हणाला, बसून राहू नका, चालत राहा.

वैशाखाच्या पौर्णिमेला सकाळी तिनं पांढरं लुगडं नेसलं. चपला घातल्या नाहीत. चपलेत जमीन कळत नाही म्हणे.

"हात धरायचा न्हाई. धरून नेलं तं म्या माघारी फिरंन."

मी मागं राहिलो. उन्हात सगळी गल्ली पांढरी झाली होती, आणि येलदरी धरणाच्या पाण्यावर होडी हलावी तशी ती या अंगाला, त्या अंगाला हलत चालली होती. वळणावर लय झुकली. मी धावणार, तेवढ्यात शेजारीण तांब्या घेऊन आली. तिच्या पायावर पाणी ओतलं, हात जोडले.

"आई, कोन आलंय अंगात?"

"कोन न्हाई, कान! कान बिघडलाय माझा. देव सोडले आमी, अंगात यायला आमच्यात कोन ऱ्हायलंच न्हाई."

"अगं बया! मंग हे पाणी?"

"ते बरं केलंस. पाय पोळायलते."

दोघी हसायला लागल्या. हसता हसता ती अजून हलली, सावरली, आणि ओल्या पायांनी पुढं निघाली.

विहाराच्या पायरीवर तिनं एक पाय टेकवला. थांबली. दुसरा टेकवला. आत गेली, तिथं सगळ्याच बाया पांढऱ्या लुगड्यातल्या. त्यांच्यातली ती कोणती, मला कळेना.